बर्फाचा कीस आणि त्यावरचा फळांचा सॉस : पार्श्वभूमी

इ.स. १००० च्या सुमारास जपानी दरबारातल्या सेई शोनागोन या लेखिकेने नजाकतदार गोष्टींची एक यादी केली. तीत धातूच्या नव्या वाडग्यातला, ‘आमाझुरा’ घातलेला किसलेला बर्फ आहे. आमाझुरा म्हणजे वेलीचा रस आटवून केलेला पाक. हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकवणं दरबारालाच परवडत असे.

१८७० च्या सुमारास नाकागावा काहेई या व्यापाऱ्याने उत्तर जपानमधल्या हाकोदाते शहरातल्या गोर्योकाकु किल्ल्याच्या खंदकातला बर्फ जहाजाने दक्षिणेकडे विकायला आणला. तोवर जपानच्या योकोहामा बंदरात अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ येई. १८८७ मध्ये मुराकामी हानझाबुरो याने बर्फ किसायचं यंत्र तयार केलं. अशा यंत्रांत पातं जागचं हलत नाही, वर बर्फाची लादी फिरते. हवाई बेटांवर ही पद्धत ऊसमळ्यांवरच्या जपानी मजुरांबरोबर गेली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये अर्नेस्ट हॅन्सन याने १९३४ मध्ये विजेवर चालणारं यंत्र बनवलं.

यंत्राला एवढं महत्त्व देण्याचं कारण साधं आहे. ठेचलेल्या बर्फाच्या खड्यांमधून सॉस थेट तळाला जातो आणि वर पांढरा, बेचव बर्फ उरतो. पातळ पापुद्रे मात्र सॉस धरून ठेवतात. फ्रीजरमधून काढल्या काढल्या लादी किसू नये. फार थंड बर्फ ठिसूळ असतो, त्याची भुकटी होते. लादी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवावी. पृष्ठभागावरचं पांढरं दव जाऊन लादी ओलसर, काचेसारखी दिसली की किसावी.

सॉससाठी ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरीला २०० ग्रॅम साखर आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस लावून तासभर ठेवावा. अर्धं मिश्रण पाच-सात मिनिटं उकळावं, उरलेलं कच्चंच वाटून त्यात मिसळावं. सगळंच शिजवलं तर ताज्या फळाचा वास जातो, आणि फार आटवलं तर जॅम होऊन बर्फावर गोळा बसतो. चवीला सॉस जरा जास्तच गोड लागला पाहिजे, कारण थंडीने गोडी कमी जाणवते आणि वितळलेलं पाणी ती आणखी पातळ करतं. साखर कमी पडली तर सॉस बर्फावर गोठून कडक होतो. कोमट सॉस कधीच ओतू नका, ढीग जागीच खचतो. चांगला गार झाला की आधी अर्ध्या ढिगावर, मग वरून, असा दोनदा घाला.