एआय आणि डेटाच्या सरकारी मसुद्यावर सूचना कशी पाठवायची? पात्रता, कागदपत्रं, सगळी माहिती

डेटा देशात ठेवायचा की बाहेर जाऊ द्यायचा, एआयला नियम कसे लावायचे, यावर सरकारी नियमांचा मसुदा आला की थिंक टँकवाले, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, लगेच कामाला लागतात. आपल्या मुंबईतच गेटवे हाऊस आहे, ओआरएफचं (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) ऑफिस आहे. अशा संस्थांकडे मसुदा कलमाकलमाने वाचणारी माणसं असतात त्यामुळे त्यांचं म्हणणं दिल्लीत पोचतं, आणि ते पोचायलाच हवं, पण तीच खिडकी आपल्यालाही उघडी असते हे बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून हे लिहितेय.

पात्रता म्हणाल तर काहीच नाही. संस्था, रजिस्ट्रेशन, डिग्री, कागदपत्रं, फी काही लागत नाही. मायगव्ह या केंद्र सरकारच्या लोकांकडून सूचना घेणाऱ्या पोर्टलवर मोबाईल नाहीतर ईमेलवर ओटीपी घेऊन लॉगिन करायचं, झालं.

मुदत मात्र बघा. 2014 च्या केंद्राच्या धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. डेटा संरक्षण नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला, 18 फेब्रुवारीची मुदत पुढे 5 मार्च झाली, आणि नोव्हेंबरमध्ये अंतिम नियम जाहीरसुद्धा झाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतात. मुदत संपल्यावर लिहून उपयोग नाही.

आता खरं काम म्हणजे लिहायचं कसं. "हा नियम चुकीचा आहे" एवढंच लिहू नका. नियम क्रमांक, त्यातलं वाक्य, तुम्हाला हवा तो बदल आणि कारण, असे चार रकाने करा. आम्ही लालबागला चौघीजणी बसून याच डेटा संरक्षण मसुद्यातला नियम 10 घेतला होता, 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती. माझी वहिनी शाळेत शिकवते, ती पटकन म्हणाली, अगं घरात फोन एकच, तो पोराच्याच हातात, मग आईच्या नावाने आलेला ओटीपी टाकणार कोण? हे दिल्लीतल्या रिपोर्टात सापडणं कठीण, वर्गात उभं राहणाऱ्यालाच दिसतं, आणि तेच आम्ही कारणाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं.

नियम 12 मध्ये ठरावीक डेटा देशाबाहेर न नेण्याची अट होती, डिजिटल सार्वभौमत्वाचा, म्हणजे देशाच्या डेटावर देशाचाच ताबा असण्याचा, मुद्दा तोच. तुमचा धंदा परदेशी क्लाउडवर, म्हणजे बाहेरच्या देशातल्या सर्व्हरवर, चालत असेल तर असं कलम आधी वाचा.

पाठवल्यावर स्क्रीनशॉट ठेवा. पुढे सूचनांचं काय झालं ते विचारायचं तर मसुदा काढणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाकडे ऑनलाइन आरटीआय टाका, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.