फुटपाथ सगळ्यांचा, मग दुरुस्ती एकट्याची का? थोडी पार्श्वभूमी

फुटपाथचा स्लॅब एका बाजूने वर आला की तो कसा बसवायचा यावर फारसं कुणी भांडत नाही, भांडण असतं ते पैसे कुणी द्यायचे यावर. आणि हे भांडण आत्ताचं नाही. रोमन काळातला एक कायदा ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला सापडलाय, इसवी सनाच्या आधीच्या शतकातला, त्यात स्पष्ट लिहिलंय की ज्याची इमारत रस्त्याला लागून आहे त्याने आपल्यासमोरचा पदपथ अखंड दगडांनी नीट बांधलेला ठेवायचा, आणि समोरचा रस्ता राखला नाही तर अधिकारी ते काम ठेक्याने देणार आणि खर्च मालकाकडून वसूल करणार. म्हणजे आज कितीतरी गावांच्या नोटिशीत जे असतं तेच, फक्त भाषा वेगळी.

मधली बरीच शतकं सोडून देतो, कारण पुढची मोठी गोष्ट थेट १७६२ सालची, लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातली आहे. तोपर्यंत तिथे प्रत्येक घरमालक आपापल्या दारासमोर फरसबंदी करायचा, जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आपल्या मापाने, त्यामुळे एक दार उंच, दुसरं खोल, तिसऱ्यासमोर नुसता चिखल. त्या वर्षी कायदा करून हे काम मालकांकडून काढून घेतलं, नेमलेल्या आयुक्तांकडे दिलं आणि त्यासाठी घरांवर पट्टी बसवली. मग सलग उंच फुटपाथ, कडेला कर्बचे दगड, पाणी जायला गटार असं सगळं एका हिशोबाने व्हायला लागलं. माझ्या मते फुटपाथच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय, आणि दुःख हे की नंतर अनेक शहरांनी तो घेतलाच नाही.

अमेरिकेतली शहरं १९व्या शतकात वाढली तेव्हा पुन्हा जुन्याच वाटेने गेली. पालिका ठराव करणार की या गल्लीला फुटपाथ हवा, आणि बांधकामाचा खर्च समोरच्या प्लॉटवर लांबीच्या हिशोबाने लावणार. आधी लाकडी फळ्या, विटा, दगडी लाद्या होत्या, मग सिमेंट काँक्रीट आलं (पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण फुटपाथवर त्याचं राज्य यायला पुढचं शतक उजाडलं). साधारण चार इंच जाडीचं काँक्रीट, गाडी आत जाते तिथे जास्त, आणि मधे मधे जॉइंट, म्हणजे आकसताना तडा जायचा तर तो तिथेच जावा. खाली भराव नीट ठोकून बसवला असेल तर असा स्लॅब कित्येक दशकं टिकतो. टिकला नाही तर कारणं ठरलेली आहेत, पाइपलाइनसाठी खोदून भराव तसाच ढकललेला, फुगणारी चिकणमाती, थंड प्रदेशात गोठणारं पाणी, आणि झाडाची मुळं. काँक्रीटच्या खाली ओल आणि हवा दोन्ही मिळते म्हणून मुळं तिथेच जातात आणि जाड होत होत स्लॅब उचलतात.

आणि इथेच तो 'मालक' शब्द सगळा घोळ करतो. अनेक ठिकाणी कागदावर प्लॉटची हद्द फुटपाथच्या अलीकडे संपते, काही ठिकाणी ती रस्त्याच्या मध्यापर्यंत जाते पण वरून चालण्याचा हक्क जनतेचा असतो. दोन्ही प्रकारात माणसाला तिथे काही करायचा अधिकार जवळजवळ नसतो, कुंपण घालता येत नाही, लोकांना अडवता येत नाही, झाड पालिकेचं असेल तर परवानगीशिवाय मूळसुद्धा छाटता येत नाही. पण बिल मात्र 'मालक' म्हणून त्याच्याच नावावर. मला यात काहीतरी मुळातच चुकीचं वाटतं आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

लॉस एंजेलिसचं उदाहरण याच कारणासाठी नीट बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात १९११ च्या कायद्यापासून दुरुस्ती समोरच्या मालकाने करायची अशी पद्धत. १९७० च्या दशकात केंद्र सरकारचा निधी मिळत होता तेव्हा शहराने ठरवलं की झाडाच्या मुळांनी मोडलेला फुटपाथ आम्ही दुरुस्त करू. निर्णय न्याय्यच होता, झाडं रस्त्याकडेची, रहिवाशांचा दोष काय? पण काही वर्षांतच तो निधी आटला आणि शहराने स्वतःच्या बजेटमधून पुरेसे पैसे कधी बाजूला काढलेच नाहीत. आता मालक म्हणे की हे काम शहराचं, शहर म्हणे पैसे नाहीत, आणि स्लॅब वर वर येत राहिले, असं दशकानुदशकं. शेवटी २०१० मध्ये अपंग रहिवासी कोर्टात गेले, आणि २०१६ च्या तडजोडीत शहराला ३० वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलर फुटपाथवर खर्च करायचं कबूल करावं लागलं. त्याच वर्षी धोरणही बदललं, आम्ही एकदा दुरुस्त करून देतो, घरांना २० वर्षांची हमी, दुकानांना ५ वर्षांची, त्यानंतर पुन्हा जबाबदारी मालकाची. बरेच जण यातून असा धडा काढतात की शहराने जबाबदारी घ्यायलाच नको होती. मला अगदी उलट वाटतं, जबाबदारी घेतली पण तिच्यासाठी कायमची पट्टी बसवली नाही, चूक तिथे झाली, १७६२ मध्ये दोन्ही एकत्र केलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये प्रश्न नुकसानभरपाईच्या बाजूने आला. १९८० च्या सुमारास नियम झाला की खराब जागेची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली असेल तरच पडलेल्या माणसाला दावा लावता येईल. त्यावर वकिलांच्या संघटनेने एक कंपनीच काढली, माणसं रस्त्यारस्त्याने फिरवून प्रत्येक तडा, प्रत्येक उंचवटा नकाशावर टिपला आणि ते नकाशे शहराला सूचना म्हणून देऊन टाकले. २००३ मध्ये मग शहराने लोक पडून होणाऱ्या दुखापतींची जबाबदारीच बहुतेक मालकांवर टाकली, फक्त मालक स्वतः राहतो अशी तीन कुटुंबांपर्यंतची घरं वगळून.

दुसरीकडे चालणाऱ्यांमधलेच जे इतकी वर्षं मोजले जात नव्हते ते पुढे आले होते. जपानमध्ये ओकायामा शहरात १९६७ ला अंध लोकांसाठी उंचवट्यांच्या फरशा पहिल्यांदा बसल्या. व्हीलचेअरसाठी कर्ब उतरता करायची मागणी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलेतून जोरात आली, आणि अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या अमेरिकन कायद्यानंतर ती नियमात बसली. दोन स्लॅबच्या उंचीत पाव इंचापर्यंतचा फरक चालतो, अर्ध्या इंचापर्यंत असेल तर कड तासून उतरती करायची, त्यावर गेला तर रॅम्प. म्हणून आता ग्राइंडिंग इतकं दिसतं, थोडा उंचवटा असेल तर कड घासणं हे स्लॅब फोडून नवा ओतण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. खचलेल्या स्लॅबखाली भोक पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण किंवा फोम भरून तो उचलतातही. पण खाली मूळ तसंच असेल तर घासलेली कड काही वर्षांत परत वर येते, आणि मग स्लॅब बदलणं, मुळाला जागा द्यायला फुटपाथ वळवून नेणं हेच उरतं.

कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटो शहराविरुद्ध अपंगांनी लावलेल्या खटल्यात २००२ ला वरच्या कोर्टाने फुटपाथ ही शहराने पुरवायची सेवाच आहे असं धरलं, आणि पुढच्या तडजोडीत शहराने वाहतूक निधीचा २० टक्के हिस्सा ३० वर्षं यासाठी ठेवायचं मान्य केलं. अमेरिकेतल्याच डेनव्हर शहरात तर २०२२ ला मतदारांनीच मतपेटीतून ठरवलं की दुरुस्ती मालकांकडून काढून शहराकडे द्यायची आणि सगळ्यांनी वार्षिक फी भरायची. पहिल्या आराखड्यात ती फी प्लॉटच्या लांबीवर होती, तेव्हा कोपऱ्यावरच्या घरांना दोन्ही बाजूंचं भरावं लागणार म्हणून लोक वैतागले, मग बहुतेक घरांना एकच ठराविक रक्कम केली आणि २०२५ पासून ती वसूल होऊ लागली.