गाडी चालूच होती, आवाज नव्हता

परवा भाजीवाल्यासमोर इलेक्ट्रिक स्कूटर थांबली होती. पुढे पाय ठेवायच्या जागेत चार-पाच वर्षांची मुलगी उभी, आणि वडील एका पायावर गाडी तोलून कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबत होते. मुलीने खेळता खेळता हँडलची अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली. गाडी थेट टोपल्यांत घुसली आणि मुलीची हनुवटी हँडलवर आपटून फुटली. "अहो, गाडी बंद होती!" वडील पुन्हा पुन्हा सांगत होते.

पेट्रोलची स्कूटर उभ्या उभ्या धडधडते, त्यामुळे ती चालू आहे हे विसरता येत नाही. शिवाय इंजिनाचे फेरे पुरेसे वाढल्याशिवाय तिचा क्लच चाकाला पकडत नाही. विजेच्या मोटरला हे दोन्ही अडसर नाहीत. उलट, ती सर्वांत जास्त जोर उभ्या जागीच लावू शकते. असं का?

फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. तिच्या तारेच्या वेटोळ्यांत बॅटरीला विरोध करणारा विद्युतदाब तयार होतो, त्याला 'बॅक ईएमएफ' म्हणतात. वेग वाढेल तसा हा विरोध वाढतो, म्हणून जास्त प्रवाह ढकलता येत नाही. चाक थांबलेलं असताना विरोध शून्य. समजा बॅटरी ४८ व्होल्टची आणि वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम, तर ओहमच्या नियमाने २४० अँपिअर! मोटरला किती प्रवाह द्यायचा हे ठरवणारा कंट्रोलर तो बराच छाटतो, पण उरलेला प्रवाहही गाडीला हिसका द्यायला पुरतो. मोटरचा पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर, प्रवाहाच्या प्रमाणात असतो, आणि मूठ किती पिळायची याचा अंदाज त्या वयाच्या हाताला नसतो.

'२५ च्या वर पळत नाही, लायसन्स लागत नाही, मग पोरांना चालेल' हेही सर्रास ऐकू येतं. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना लायसन्स लागत नाही हे खरं. पण ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. अडीच मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीशी हाच वेग असतो. त्यातून लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, मान नाजूक. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधून हे डोकं वाचत नाही. मुलाच्या मापाचं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट वाचवतं.

बऱ्याच मॉडेलांत साइड स्टँड खाली असला की मोटर चालत नाही. त्या वडिलांनी स्टँड लावलाच नव्हता, मिनिटभराचं तर काम होतं. भाजी घ्यायला थांबलात तर आधी चावी फिरवा, मुलाला खाली उतरवा आणि मग पिशवी उघडा.