सदाहरित दारुहळद : ओळख आणि इंदुरातली निगा

दारुहळद हे काटेरी झुडूप मूळचं हिमालयातलं, साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवरचं. इंदूर जेमतेम ५५० मीटरवर. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे : ती कुंडीत जपा, कुंपणाला लावू नका. कुंपणच हवं असेल तर करवंद घ्या, माळव्याचं ऊन ते सहज सोसतं.

रोप घेताना या दोघांचीच गल्लत होते. करवंदाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, पानंही समोरासमोर असतात. दारुहळदीला चीक नाही. पानं जाड, चकचकीत, बहुधा कडेला काटेरी दाते असलेली आणि झुबक्याने येणारी; झुबक्याखाली बहुतेक वेळा तीन टोकांचा काटा. खात्रीची खूण सालीखाली आहे. जून फांदी नखाने खरवडा, आत पिवळाधमक रंग दिसला पाहिजे, तो बर्बेरिन या पिवळ्या द्रव्याचा. फुलं पिवळी. उमललेल्या फुलात पुंकेसराच्या बुडाशी काडी टेकवली तर तो झटकन आत वळतो. मुलांना हे जरूर दाखवा.

कुंडी १२ इंची, तळाला मोकळी भोकं. दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती मुळीच भरू नका. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग पानं पिवळी पडतात, झाड तहानलंय असं वाटून आणखी पाणी घातलं जातं, आणि रोप हातचं जातं. आधी मातीत बोट दोन इंच घालून बघा; कोरडं लागलं तरच पाणी द्या. हिवाळ्यात थोडी जुनी पानं लाल होऊन गळतात, तो रोग नव्हे.

जागा सकाळच्या उन्हाची. एप्रिल ते जून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी हवीच, नाहीतर पानांच्या कडा करपतात.

फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात, त्यामुळे छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करा, चामडी हातमोजे घालून. पावसाळ्यानंतर छाटली तर पुढचा बहर गेलाच.

बियांपासून रोप करायचं तर गर धुऊन बिया ओल्या रेतीत मिसळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवा, मगच पेरा.

मुळांचा काढा घरी करून घेऊ नका. गरोदर बायकांनी तर अजिबात नको.