मोडू नये अशी गोळी

"गोळी लई मोठी हाय बघा. खलबत्त्यात कुटून ताकातनं घेते की," निपाणीकडच्या एक मावशी सांगत होत्या. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि शौचावाटे रक्त. औषध मेसालामाइन. महिना झाला तरी गुण नाही. बेळगावात शहापूरला माझं औषधांचं दुकान आहे. त्यांचं ऐकून मला फार हळहळ वाटली. कुटताना मोडलं होतं ते गोळीचं आवरण, आणि सगळी करामत त्यातच असते.

मेसालामाइनला सुजलेल्या अस्तराला प्रत्यक्ष लागावं लागतं, जखमेला मलम लागतं तसं. उघडी पूड पोटात गेली तर तिचा बराच भाग लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषला जातो आणि सुमारे सहा मीटर पुढच्या मोठ्या आतड्यात फार थोडा पोचतो. म्हणून गोळीवर असा थर देतात, जो जठराच्या आम्लात टिकतो आणि लहान आतड्याच्या शेवटी, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ७ च्या आसपास गेला की विरघळतो. मातीचा सामू तपासून घेणाऱ्या आपल्याकडच्या ऊसकऱ्यांना हा शब्द नवा नाही.

तरी एकट्या सामूवर भिस्त ठेवता येत नाही. आजार भडकला की मोठ्या आतड्यातला सामू उतरू शकतो. जुलाब जोरात असतील तर गोळी न विरघळता बाहेरही पडते. शौचात गोळी दिसली तर डॉक्टरांना जरूर सांगा.

याहून जुनी युक्ती मला जास्त आवडते. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी घडवलेलं सल्फासॅलॅझिन म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या बंधानं जोडलेले दोन रेणू, एक मेसालामाइन आणि दुसरं सल्फा औषध. हा बंध आपल्या पाचकरसांना तुटत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र तो तोडतात, आणि तिथल्या एका ग्रॅम मळात ते शंभर अब्जांच्या घरात असतात! १९७७ साली आझाद खान आणि ट्रूलव्ह यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळे देऊन पाहिले. गुण येत होता तो मेसालामाइनचा; सल्फाच्या तुकड्याकडे मुख्यतः दुष्परिणाम होते.

याच वाटेनं संशोधक गवारीपर्यंत आले. गवारीच्या बियांचा डिंक आपल्याला पचत नाही, जिवाणू तो खातात. या डिंकाचं वेष्टण दिलेल्या गोळ्यांवर बरेच प्रयोग झाले आहेत. बाजारातून गवारीच्या शेंगा आणताना मला हटकून ते आठवतं.

मावशींना मी डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी गोळी बदलून पुडीतले दाणे लिहून दिले. प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण असतं, म्हणून तेही चावायचे नाहीत. जिभेवर ठेवून पाण्याबरोबर गिळायचे.