अमेरिकेत काव्यलेखनाची एमएफए पदवी: पात्रता, कागदपत्रे आणि विद्यापीठाची निवड

कविता आणि सर्जनशील लेखन हाच मुख्य विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ‘मास्टर ऑफ फाइन आर्ट्स’, म्हणजेच एमएफए, ही रुळलेली वाट आहे. आयोवा विद्यापीठातील रायटर्स वर्कशॉप १९३६ मध्ये सुरू झाले आणि पुढे इतर अनेक विद्यापीठांनी साधारण तीच पद्धत स्वीकारली: नियमित भरणारी कार्यशाळा, तीत सहाध्यायांच्या कवितांवर बारकाईने होणारी चर्चा, वाचनाचे काही वर्ग आणि शेवटी प्रबंध म्हणून सादर करायचे स्वतःच्या कवितांचे हस्तलिखित. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाला गेले तो इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम मात्र वेगळा आहे. १९६७ पासून चालणारा तो उपक्रम लेखक म्हणून आधीच ओळख मिळवलेल्यांसाठी असून त्यातून पदवी मिळत नाही. ही दोन नावे एकाच गावाशी जोडलेली असल्याने त्यांची अनेकदा गल्लत होते.

एमएफएसाठी पदवी कोणत्याही शाखेची असली तरी बहुतेक ठिकाणी चालते. वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकलेल्यांनी कचरण्याचे कारण नाही. अडचण येते ती पदवीच्या कालावधीची. आपल्याकडील तीन वर्षांची बीए काही विद्यापीठे अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष मानतात, काही मानत नाहीत आणि मग एमएची दोन वर्षे उपयोगी पडतात. त्यामुळे अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ई-मेल पाठवून लेखी उत्तर मिळवावे. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामान्य परीक्षा मात्र आता बहुतेक कार्यक्रम मागत नाहीत.

विद्यापीठ निवडताना नावाच्या वलयाआधी आर्थिक साहाय्य पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कवितेची पदवी घेतल्यानंतर मोठे शैक्षणिक कर्ज फेडत बसणे लिहिण्याच्या मुळावरच येते. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मिशनर सेंटरचा तीन वर्षांचा आणि मिशिगन विद्यापीठाचा दोन वर्षांचा कार्यक्रम प्रवेश मिळालेल्या सर्वांना शिक्षणशुल्क माफ करून निर्वाहवेतन देण्यासाठी ओळखले जातात. मिशनरमध्ये कवितेच्या जोडीला दुसरा एक लेखनप्रकारही घ्यावा लागतो. इतर अनेक ठिकाणी हे साहाय्य पदवीपूर्व विद्यार्थ्यांना लेखन शिकवण्याच्या बदल्यात मिळते, म्हणून आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती वर्ग शिकवावे लागतील, हे विचारून घ्यावे. त्यानंतर तेथील प्राध्यापक-कवींचे किमान एकेक पुस्तक खरोखर वाचावे. ज्यांची कविता आपल्याला हलवत नाही, त्यांच्यासमोर दोन-तीन वर्षे आपल्या ओळी ठेवण्यात अर्थ नाही. वर्षातून एक-दोनदाच काही दिवस जावे लागणारे अभ्यासक्रम सोयीचे वाटतात, परंतु एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी पूर्णवेळ शिक्षणाची अट असल्याने ते आपल्यासारख्यांना सहसा उपयोगी नसतात.

अर्जात सर्वाधिक वजन असते ते कवितांच्या नमुन्याला. गुणपत्रकातील टक्केवारी येथे दुय्यम ठरते. साधारणपणे १० ते २० पाने मागितली जातात. नेमकी मर्यादा प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते आणि ती ओलांडू नये. प्रत्येक कविता नव्या पानावर सुरू करावी, आणि कविता पुढच्या पानावर जात असेल तर तेथे कडवे तुटते की सलग राहते, याची नोंद करावी. सर्वांत सशक्त कविता पहिल्या दोन-तीन पानांत यावी, कारण निवड समितीपुढे असे शेकडो नमुने असतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: नमुना बहुधा इंग्रजीतच लागतो. स्वतःच्या मराठी कवितांचे स्वतः केलेले अनुवाद चालतील का, हे आधी विचारावे आणि ते अनुवाद असल्याचे उघडपणे नमूद करावे. दुसऱ्यांच्या मराठी कविता इंग्रजीत नेण्याची ओढ अधिक असेल, तर आयोवामध्ये साहित्यिक अनुवादाची स्वतंत्र एमएफए पदवी आहे आणि मला वाटते, आपल्यापैकी अनेकांसाठी तो अधिक नैसर्गिक पर्याय ठरू शकतो.

नमुन्यासोबत उद्देशपत्र, बहुधा तीन शिफारसपत्रे, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणांचे ट्रान्स्क्रिप्ट आणि काही ठिकाणी पासपोर्टची प्रतही लागते. शिफारस मोठ्या पदावरील व्यक्तीकडून घेण्यापेक्षा आपले लेखन वाचलेल्या शिक्षकाकडून घ्यावी आणि त्यांना किमान सहा आठवडे द्यावेत. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्स्क्रिप्ट मिळण्यास वेळ लागू शकतो, म्हणून ते काम गणेशोत्सवाच्या सुमारासच हाती घ्यावे.

बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या दरम्यान संपते आणि निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात. आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळाल्यास, अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, १५ एप्रिलपूर्वी होकार देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. तोवर इतर निकालांची वाट पाहता येते. होकारानंतर विद्यापीठ आय-२० हे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र पाठवते. त्यानंतर सेविस या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेचे ३५० डॉलरचे शुल्क भरून आणि डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज पूर्ण करून व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्यावी. मुलाखतीला जाताना आय-२० आणि पासपोर्टसोबत, निर्वाहवेतनाची रक्कम आणि कालावधी नमूद केलेले विद्यापीठाचे पत्र जवळ ठेवावे.