तीन अंशांचा ढग

जुहूच्या धावपट्टीवर सकाळी साडेसातला पाऊस थांबलेला होता. आईच्या मांडीवर दशम्यांचा डबा, वहिनीच्या पिशवीत अंबाबाईची ओटी, समोर चार आसनांचं सेसना विमान. दादाकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. कोल्हापूरला पोचायला पावणेदोन तास, पण तो काही निघेना. त्याने मोबाइलवर मुंबई विमानतळाचा मेटार, म्हणजे दर अर्ध्या तासाने निघणारा हवामान अहवाल उघडला आणि त्यातल्या एका जोडीवर बोट ठेवलं: २८/२५.

पहिला आकडा तापमानाचा, दुसरा दवबिंदूचा. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो, कारण तिच्याभोवतीची हवा इतकी गार होते की स्वतःच्या पोटातली वाफ तिला पेलवत नाही. ज्या तापमानाला हे घडतं तो दवबिंदू. आकाशात बाटली नसते, तिथे उंचीच हवेला गार करते. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. तिचा दवबिंदूही उतरतो, पण जेमतेम २ अंशांनी. म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी, किंवा दर १२५ मीटरला एका अंशाने मिटतं. आमच्याकडे अंतर होतं तीन अंशांचं. तीन गुणिले १२५, ढगांचा तळ साधारण ३७५ मीटरवर! गणित ढोबळ आहे, पण पावसाळ्यातली मुंबई मला इतक्या सोप्या हिशेबात कधी दिसली नव्हती.

दादाला बाहेर बघून, नजरेच्या भरवशावर उडवण्याची परवानगी आहे. त्यासाठी विमानतळावर किमान ५ किलोमीटरपर्यंत दिसावं लागतं आणि निम्म्याहून जास्त आकाश झाकणाऱ्या ढगांचा तळ ४५० मीटरच्या वर असावा लागतो. शिवाय वाटेत सह्याद्री. खंडाळा सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे घाटमाथा थेट ढगात.

“ढगातूनच वर गेलो तर?” आईने विचारलं.

इथे प्रश्न कानाचा येतो. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, बारीक केस वाकतात आणि मेंदूला वळण कळतं. पण एकाच वेगाने वळत राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि कान सांगतो, आपण सरळ आहोत. फुगडी थांबवल्यावर जमीन उलटी फिरते ती याच द्रवामुळे. अंगणात डोळे सावरून घेतात. ढगात डोळ्यांना पांढऱ्याशिवाय काही मिळत नाही, आणि वैमानिक सरळ उडतोय असं समजून गोल गोल खाली येत राहतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली, नुसती उपकरणं बघून उडवण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत उडवून पाहिलं. विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत. हा आकडा ऐकल्यावर आईने पुन्हा विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते याच जुहूला. पावसाळ्यात ही धावपट्टी पाण्याखाली जायची, म्हणून तेवढे महिने टाटांची विमानं पुण्याहून उडत. आता पट्टी डांबरी आहे, पण ढग तेवढेच खाली उतरतात.

साडेबाराला मेटार पुन्हा २८/२५. दादाने विमान बांधून ठेवलं, दशम्या तिथेच खाल्ल्या आणि आम्ही गाडी काढली.

खोपोली सोडून घाट चढायला लागलो तेव्हा त्याने मनगटावरचं उंची दाखवणारं घड्याळ माझ्याकडे दिलं. अडीचशे, तीनशे, दरी अजून स्वच्छ. साडेतीनशेला झाडांचे शेंडे पुसट झाले. पुढच्या वळणावर काचेवर बारीक थेंब जमले, पुढचा ट्रक नुसत्या लाल दिव्यांपुरता उरला, आणि मी आकडा मोठ्याने वाचला: ३९०.